गेळ

रिवणच्या सड्यावर जांभा असा तापतो
की गुरंसुद्धा पाय मोजून टाकतात.
तिथे गेळ उभी असते,
कुणालाही जवळ न घेणारी.
मे महिन्यात तिला पांढरी फुलं येतात,
दुसऱ्या दिवशी ती पिवळी पडतात,
धुतल्या कापडाला हळदीचा हात लागावा तशी.

आईने त्या फुलांकडे कधी पाहिलं नाही.
कोयत्याने फांद्या तोडायची,
बेळक्याने ओढत आणायची,
मिरचीच्या वाफ्याभोवती रचायची.
माझ्या टाचेत एकदा काटा मोडला,
तो तिने गेळीच्याच काट्याने काढला.
म्हण नाही सांगितली.
म्हणाली, हालू नकोस.

हिरवी फळं ठेचायचा दगड वेगळा,
त्याला घरात मज्जाव.
चैत्रात कुशावती आटून नुसत्या कोंडी उरतात,
तिथे ती लगदा कालवायची. साबणासारखा फेस,
आणि मग मासे वर.
मेलेले नव्हेत, कुशीवर पडलेले,
तोंडं उघडमीट करत,
अगदी हुर्राक प्यालेल्या बापासारखे.
मोठे टोपलीत.
बोटाएवढे ती वरच्या वाहत्या धारेत सोडायची.
मी मोजत बसायचे. कधी अठरा, कधी चाळीस,
आणि एकेक पिल्लू
थरथरून सरळ व्हायचं.

काजूच्या हंगामात बाप, सोयरू वेळीप,
भट्टीवरून आला की
उंबरा त्याला दोनदा लागायचा.
एका रात्री तिने वाळलेलं गेळफळ कुटलं,
कोमट पाण्यात मीठ घातलं,
म्हणाली, घे, एक घोट, मागीर बोल.
पहाटेपर्यंत फणसाखाली तो ओकत राहिला
आणि ती त्याचं कपाळ धरून बसली.
मी दारातून मोजत होते.
शंभराच्या पुढे मला येत नव्हतं.

दारू सुटली? छे.
त्या वर्षी मात्र भट्टीची वाट
तो लांबून काढत असे.

आता आई नाही.
तिने तोडलेली गेळीची काठी आहे,
काटे छाटले तिथे गाठी राहिलेली.
बापाचा अंगठा रोज
वरून तिसऱ्या गाठीवर टेकतो,
ती तेवढीच गुळगुळीत झाली आहे.

काल टोपली घेऊन मी कोंडीकडे निघाले
तर खळ्यातून ओरडला,
जो कधी नदीवर आला नाही आमच्याबरोबर,
"ल्हान ल्हान सोड गो!"