भाग दुसरा

पहिला भाग निपाणीत आलाच नाही.
दुसरा आला तो एकदम,
बेळगावच्या बसच्या टपावरून,
सहा गोल डबे, तंबाखूच्या बोदांना टेकून.
पोस्टरवर काचेचं टोपडं घातलेला गोरा कप्तान
आणि वर नाव, हिंदीत: लोहे का सूरज, भाग २.

मागचं कुणालाच ठाऊक नाही, म्हणून
रेणुका टॉकीजचे ऑपरेटर दस्तगीर मामू
बनियनवर कोट चढवून पडद्यापुढं उभे राहिले.
(त्यांनीही पहिला पाहिला नव्हता.
डब्यावर चार ओळींची इंग्रजी चिठ्ठी होती,
ती पाटणकर कंपाउंडरकडून वाचून घेतलेली.)

आधी मराठीत सांगितलं, पुढच्या रांगेतल्या
विडीवाल्या बायकांकडं बघून:
कप्तान आभाळात गेला तेव्हा त्याची आई
दारात उभी होती. अजून उभीच हाय म्हणा.
मग कन्नडमध्ये, मागं बसलेल्या
हुक्केरी-संकेश्वरच्या हमालांसाठी:
त्यात आई आधीच वारलेली,
पण धाकटा भाऊ होता, रान कसणारा.
मग स्वतःच्या भाषेत, स्वतःशीच:
बस, इत्ताच है. बत्ती बुझाव.

मी चिरमुऱ्याच्या पुड्या विकायचो,
मला तिन्ही ऐकू आल्या.

सुरू झालं. कप्तान बोलायचा,
वाक्य संपायचं, ओठ मात्र हलतच.
हिंदी आखूड पडली होती त्याच्या तोंडाला,
पहिल्या धुण्यात आटलेल्या सदऱ्यासारखी,
मनगटं बाहेर.
त्या उरलेल्या ओठांत काय होतं,
हे मी पुढं बरीच वर्षं
शाळेच्या वहीत मागच्या पानावर लिहीत गेलो.

एक हिरवा प्राणी होता, तीन गुडघ्यांचा.
त्याची बोली मुंबईत कुणाला आली नसावी,
ती तशीच सोडलेली.
म्हशीला थांबवताना काढतात तसा
टाळूवरचा आवाज काढायचा तो.
त्याला पाणी पाहिजे हे
अख्ख्या थेटराला पहिल्या फटक्यात कळलं.

शेवटाकडं कप्तान घरी परततो.
नव्वद वर्षं झोपलेला, त्याला पत्ता नाही
की पाट्या बदलल्यात, गावाचं नाव बदललंय.
बर्फात गुडघे टेकून विचारतो:
ये ज़मीन अब किसकी है?

पंखे तेवढे बोलत होते.

मग बायकांच्या बाजूनं गौराक्का कडलगे:
आमची की ओ.
आणि त्याच श्वासाला, मागून, अडिवेप्पा हमाल:
नम्दरी.

दोघांनी एकमेकांचं ऐकलं.
काळोखात मी पुड्यांची टोपली घट्ट धरली,
कारण त्या साली चौकातली पाटी
तीनदा काळी झाली होती
आणि काचा फुटायला एवढ्यानंही भागायचं.
पण कुणीतरी हसलं.
आधी कोण हसलं
यावर निपाणीत अजून एकमत नाही.
कप्तान तोवर उठून चालू लागला होता,
त्याचं उत्तर कुणी ऐकलंच नाही,
म्हणून मामूंनी रीळ मागं घेऊन
तो तुकडा पुन्हा लावला.
या खेपेला सगळे गप्प बसले.
उत्तर काही खास नव्हतं.

गेल्या वर्षी पहिला भाग सापडला,
मोबाइलवर, मूळ भाषेत.
खानापूरच्या बसमध्ये बसलो होतो.
कंडक्टर एका दमात दोनदा विचारून गेला, एल्लिगे, कुठं,
मी न बघताच पैसे दिले.
त्यात आई नाही. भाऊ नाही.
दारसुद्धा नाही, सरकतं पोलाद आहे.
कप्तान बोलतो आणि ओठ
शब्दाबरोबरच थांबतात, अगदी नेमके,
काही उरत नाही.

नंदगडला उतरेपर्यंत मी
आवाज बंद करून बघत राहिलो.