आगाऊ

गारगोटीहून अर्पिताचा फोन, जेवणाच्या सुट्टीत.
लिही, म्हणाली.
जॉबकार्ड उलटं केलं आणि लिहीत गेलो:
झबली आठ, बंद मागं, बटण नको, टोचतं.
दुपटी सहा. लंगोट डझनभर.
मेणकापड दोन हात. टोपरी तीन.
वेखंडाचं कांड, जायफळ,
आणि वेगळी सहाण; आपल्या घरातल्या सहाणेला
चंदनापेक्षा तुझ्या सर्दीच्या सुंठीचाच वास जास्त.
बारकं नेलकटर.
तयार डायपरचं एक पाकीट,
पण आत्यांना सांगू नकोस.

आत्या म्हणजे माझी आई.
तिचं म्हणणं एका ओळीचं:
आलं न्हाई त्याचं कापड उंबऱ्याच्या आत आणायचं न्हाई.
नववा लागला तरी न्हाई.
का, ते तिनं कधी सांगितलं नाही.
माझ्याआधी दोन वर्षं,
एवढंच एकदा मावशीच्या तोंडून निसटलं होतं.
आणि ट्रंकेच्या तळाला एक पिवळं टोपरं आहे,
घडी न मोडलेलं,
जे माझं नव्हतं.

महाद्वार रोडला ओटीची ताटं चुकवत
नष्टे काकूंच्या दुकानात शिरलो.
"किती महिन्याचं बाळ?"
अजून वजाच आहे, म्हटलं.
त्या हसल्या. "बरं, डोकं केवढं धरायचं?"

सतरा वर्षं लेथवर उभा आहे.
सुताचा केस इकडंतिकडं झाला
तर मायक्रोमीटरच्या आधी माझ्या बोटाला कळतं.
ड्रॉइंग नसेल तर जॉब चकमध्ये धरत नाही.
आणि इथं भर दुकानात
मी हवेत हात करून दाखवतोय, नारळ,
तोही सोललेला का न सोललेला, ठरत नव्हतं.
काकूंनी माझे दोन्ही तळवे धरले
आणि जवळ आणले. अजून जवळ.
"एवढं," म्हणाल्या.
मध्ये उरलेल्या जागेकडं मी बघत राहिलो.
मागचं गिऱ्हाईक म्हणालं, आवरा की पावणं.

घरी नेता येईना.
पिशवी घेऊन चालत उद्यमनगर.
हत्यारांच्या कपाटातला वरचा कप्पा उपसला,
टॅप खाली, डाय खाली, ड्रिलांचा डबा खाली.
दादू मिस्त्रीनं बघितलं.
काही न बोलता तेलाचा कॅन उचलून दुसरीकडं नेला,
रद्दीतला कोरा कागद शोधून फळीवर पसरला, मग म्हणाला,
"वास लागला तर भावा, पोरगं
जन्मायच्या आधी पाळीवर हजर हुईल."
कप्प्याला कुलूप लावलं.
त्या आठवड्यात टॅप काढायला गेलेला प्रत्येक जण
हात पुसून जात होता.

चौथ्या दिवशी आई डबा धुताना थांबली.
"पिशवीला वेखंडाचा वास येतोय."
मी भाकरी मोडत राहिलो.
तिनं आमटी वाढली. पुन्हा वाढली, मी नको म्हणत असताना.
मग ताटाकडंच बघत,
"नव्या कापडाला खळ असती. दोन पाण्यातनं काढ.
कडक उन्हात घाल. तिकडंच."
आणि मोरीकडं जाता जाता,
"काळा दोरा तेवढा इकत आणू नगंस.
त्यो मी वळणार.
आल्यावर."

सुट्टीच्या दिवशी शेडच्या पत्र्यावर चढलो.
वेल्डिंगची तार ताणून बांधली, गंज पुसला,
आठ झबली, सहा दुपटी,
लंगोटांचे तिकोन वाऱ्यावर, एखाद्या जत्रेच्या पताकांसारखे;
खाली सगळी मशिनं बंद,
पलीकडच्या फाउंड्रीच्या धुराड्यावर माझा डोळा.
पत्रा पायाला भाजत होता.
टोपरं सगळ्यात आधी वाळलं.

आजूबाजूला कोणी नव्हतं.
मी त्यात मूठ घातली,
हीच, करवंटीएवढी, अंगठ्यावर जुना चटका असलेली.
थोडं सैल बसलं.
किती सैल, ते मोजलं नाही.