दोन आटे

सोमवार ते शनिवार माझ्या गाडीत ब्रेक दोन, क्लच दोन,
स्टिअरिंग एकच, आणि तेही माझ्याकडे नाही.
डावीकडच्या सीटवर बसून एकोणीस वर्षं
मी लोकांना सांगते आहे : सोडा. हळू सोडा.
सध्या तळपेकाका. पोस्टातून निवृत्त.
चाक असं आवळतात
की जणू आख्ख्या सोसायटीचं पाणी
त्यांच्या मुठीतल्या नळाने अडवलंय.

रविवारची गाडी वेगळी. जुनी झेन,
शेवाळी, बॉनेटवर रंग उडालेला.
स्टिअरिंग परातीएवढं, उन्हानं चिकट झालेलं,
आणि गिअर म्हणजे आमटीतली पळी :
ढवळत राहायचं,
तिसरा लागला तर लागला.

"बुश गेलेत," दस्तगीर म्हणाला.
नाना पेठेतल्या त्याच्या दुकानात दोन माणसं मावतात,
तिसरं उभं राहिलं की कुणाला तरी चहाला जावं लागतं.
छताला टांगलेली चाकं काढकाढून
मी स्टुलावर बसले, हवेतच वळणं घेत.
समोरचा कुशनवाला बघत होता. बघू दे.
शेवटी एक लहान, चामड्याचं, काळ्या टाक्यांचं
हातात आलं आणि हात गप्प झाले.

"नट पूर्ण काढायचा नाही, मॅडम.
दोन आटे ठेवायचे.
इतकी वर्षं बसलेलं चाक, हलत नाही, हलत नाही,
आणि सुटलं की थेट तोंडावर येतं."
त्यानं गुडघे टेकवले, ओढलं,
ते कण्हलं, आलं, आणि नटाला अडकून थांबलं.
मला हे लिहून ठेवावंसं वाटलं.
पर्समध्ये फक्त शिकाऊंची हजेरीवही,
उघडलं ते पान तळपेकाकांचं.

गिअरच्या मुठीसाठी भोसरीला, ढवळ्यांच्या लेथवर.
"हात दाखवा."
मी तळवा पुढे केला.
"भविष्य नाही सांगत बाई, माप घेतोय."
शिसवीचा भुसा त्यांच्या भुवयांवर बसत गेला.
दांडा दीड इंच कापून देताना म्हणाले,
"आता हात कमी फिरेल, पण जोर जास्त लागेल.
अंतर कमी केलं की असंच असतं.
मग तक्रार घेऊन यायचं नाही."
मी गेले नाही.

हॉर्नची तार राहिली. "उद्या," दस्तगीर म्हणाला.
नाना पेठ ते कोंढवा, हॉर्नशिवाय!
काच खाली करून तोंडानंच : "अहो, जरा सरकता का?"
लोक चक्क सरकले.
एकानं तर वाकून आत पाहिलं :
"माफ करा, ओळखलं नाही."

आणि मग बोपदेव.
सकाळचे पावणेसहा, काचेवर दव.
पहिल्या वळणाआधी दुसरा गिअर,
टक्.
कोयंडा बसावा तसा. ढवळणं नाही, शोधणं नाही.
डांबर कुठं संपलं, खडी कुठं सुरू झाली,
कुणी कधी खड्डा बुजवून वर घाईनं रोलर फिरवला,
सगळं तळव्याला आधी कळत होतं, डोळ्यांना नंतर.
वरून सीताफळांचा टेम्पो आला,
ड्रायव्हरचं एक बोट चाकावर, बाकीचा माणूस खिडकीबाहेर.
त्याला कुठलं आलंय नवं स्टिअरिंग?
मी बाजू दिली. त्यानं ते बोट उचललं.

घाटमाथ्यावरच्या सरळ रस्त्यावर लक्षात आलं :
एक दाता चुकलाय.
गाडी नाकासमोर जाते आहे, चाक मात्र किंचित कललेलं,
डावीकडे,
जिथं मी एरवी बसते.
दस्तगीर म्हणेल, आणा, दोन मिनिटांचं काम.
नेईन.

सोमवारी सही करताना काका थबकले.
चष्मा वर करून वाचलं :
नट पूर्ण काढायचा नाही. दोन आटे ठेवायचे.
"हे... माझ्यासाठी?"
सिग्नलला अजून चाळीस सेकंद होते,
खरं सांगता आलं असतं.
"हो," म्हटलं.
त्यांनी बराच वेळ विचार केला.
मग मूठ सैल केली.
पूर्ण नाही.