खुळखुळा

मोखोत्लोंगच्या वरच्या अंगाला आमचा दवाखाना. दारं दोन.
डाव्या दारानं तान्ही बाळं जातात, खोकला जातो,
घोड्यावरून पडलेला हात जातो.
उजव्या दारानं कोण जातं
ते समोरच्या दुकानाच्या पायरीला तोंडपाठ.

मी गुरुवारी निघाले, तारे होते अजून.
ओढ्यावर काचेसारखा बर्फ. घोडा मामाचा,
आणि मामाला सांगितलेलं, दाढ दुखते.
साडेतीन तास दुखत ठेवली.
वाटेत भेटेल त्याला गाल धरून दाखवला.

मोत्लात्सी सरहद्दीपलीकडे, सोन्याच्या खाणीत.
कधी महिनाअखेरीस येतो, न सांगता.
ब्लँकेट आणतो, साखर आणतो,
आणखी काय आणतो ते त्यालाही माहीत नसेल.
विचारलं की प्रश्न फिरून माझ्याच दारात:
तुला का गं भीती? तू काय केलंस?

नर्सबाई आईच्या चर्चमधल्या.
आवाज त्यांनी खाली आणला, पण भिंत पत्र्याची.
"रोज एक. आजार नसताना घ्यायची, म्हणून तर उपयोग.
पुढच्या महिन्याच्या आल्या तर आल्या,
घाटात गाडी अडली तर नाही."
मग कागदात बघत: "आई बरी आहे ना?"

आजार नसताना.
मेंढरांना खरूज होऊ नये म्हणून
दरवर्षी औषधात बुडवून काढतात,
तेव्हा कुणी विचारत नाही
मेंढी कुठे हिंडून आली.

बाटली वाजते.
घोड्याच्या पावलागणिक खुळ खुळ खुळ,
कमरेला लेकराचं खेळणं बांधल्यासारखी.
खिंडीत उतरले.
काटेरी झुडपाला मेंढरं लोकर ठेवून गेली होती,
ती खुडली, बाटलीत कोंबली.
गप्प झाली.

वळणावर मोखेले, गुराखी, सतरा वर्षांचा.
"दाढ काढली?"
मी गाल धरला.
तो ब्लँकेटची पिन उघडत राहिला, लावत राहिला.
"उजव्या दाराला गर्दी होती का गं?"
"कोण विचारतंय?"
"असंच."
मग डोंगराकडे बघत, बऱ्याच वेळानं:
"पुढच्या गुरुवारी माझीपण दाढ दुखणार आहे."

मुठीत थोडी लोकर उरली होती.
"ही ने," म्हटलं. "लागेल."

त्याच्याजवळ दोनशे मेंढरं.
तरी घेतली त्यानं,
कशाला, ते न विचारता.