पत्त्याचा रकाना

शीतपेटीत चार बर्फाच्या वड्या, मधे गोवराच्या लसी,
पट्टा खांद्यावर रुततो,
आणि फाटकावरचा चौकीदार विचारतो,
मॅडम, आज परत किती वाजता?
कुलपाची किल्ली त्याच्याकडे. माझ्याकडे
आरोग्य चौकी क्रमांक नऊ, म्हणजे
एक पत्र्याची खोली, एक वजनकाटा,
एक फ्रिज, जो वीज असली तर फ्रिज असतो
नसली तर कपाट.

टेकडीवरच्या उंबराखालून दिसतं
खालचं मोठं इस्पितळ, सगळं काचेचं,
छपरावर हेलिकॉप्टरसाठी गोल रंगवलेला.
सरळ रेषेत तीन किलोमीटर.
गेल्या माघात भिकलीला झोळीतून नेलं
तेव्हा मी घड्याळ लावलं होतं:
दोन तास दहा मिनिटं.
त्यातली पंचवीस किल्ली सापडेपर्यंत.

वॉर्ड ऑफिसने ठरवलेला वार गुरुवार, दहा ते एक.
गुरुवारी दहाला पाड्यात असतात
कोंबड्या, दोन म्हातारे आणि मी.
बाया पहाटेच अळू, केळफुलं, शेवग्याच्या शेंगा घेऊन
गोरेगावच्या बाजारात बसलेल्या.
तीन महिने माझ्या अहवालात होतं, ‘लाभार्थी उदासीन’.
वाक्य छापील होतं, मी नुसती खूण केली.
पण खूण माझीच.

देवकू वरठाला ते वाचून दाखवलं
तर ती शेंगांची जुडी बांधता बांधता म्हणाली,
आमी उदास नाय बाय, आमी बाजारात हाव.

तेव्हापासून मंगळवारी संध्याकाळी सातला.
परवानगीचं पत्र विचाराधीन आहे,
रक्तदाब मात्र मोजून होतो.
बॅटरीच्या उजेडात बोट टोचायचं, थेंब काचेवर,
सिकलसेलचा कागद वाळेपर्यंत पोरं गप्प.
नऊ वाजता सगळे मला पोचवायला निघतात,
पुढे काठ्या, मागे पितळी थाळी बडवत,
कारण नाल्याकाठी बिबट्याही फेरीला येतो.
वाघोबाच्या दगडापाशी थाळी थांबते.
तिथे मीही चप्पल काढते. का, ते विचारू नका.

आणि हिरूबायची भिंत.
कुडाच्या भिंतीवर, चुलीमागे, कोळशाच्या रेघा,
एक रेघ एक बाळ.
जी जगली नाहीत ती रेघ तिने शेणाने सारवली,
तरी खाली दिसते.

तुजे वहीत किती?
अकरा, मी म्हटलं.
माझे सतरा.

रात्रभर जुळवत बसलो आम्ही दोघी,
मी नावांनी, ती झाडांनी:
हा मोह फुलला तेव्हाचा, ही करांदे खणायच्या दिवसांतली.
सहा जणं सापडली.
चालती, शेंबडी, एक तर दारातच उभा होता.
संगणकाने त्यांना परत पाठवलं होतं
कारण ‘पत्ता’ या रकान्याला इमारतीचं नाव हवं असतं
आणि मजला.

मी लिहिलं: फणस अपार्टमेंट, तळमजला.
संगणकाने घेतलं.
विहीर हाइट्स. घेतलं.
उंबर व्ह्यू, बी विंग.
हिरूबाय हसत नव्हती. ती विचारत होती
की उद्या कोणी हे घर शोधत आलं
तर त्याला घर सापडेल का.

मग मी सहाही खोडले.
पुन्हा लिहिलं, समासाबाहेर जात, जसं तिने सांगितलं:
फाटकापासून डावीकडे, दोन नाले ओलांडून,
फणसाखालचं दुसरं घर, कुत्रं चावत नाही.
प्रसूती कोणी केली, त्यापुढे ‘इतर’ होतं.
तिथे तिचं पूर्ण नाव. हिरू रडका बरफ.
परत येईलच वही. येऊ दे.

काल रात्री पावणेतीनला रुग्णवाहिकेचा फोन.
लँडमार्क सांगा, लँडमार्क.
म्हटलं, फाटकापाशी थांबा,
तेरा वर्षांची एक मुलगी बॅटरी घेऊन उभी आहे,
यमी तिचं नाव,
किल्ली तिच्याकडे आहे.

ती दुसरी किल्ली.
स्टेशनबाहेर करून घेतली, साठ रुपये,
‘कापूस व इतर किरकोळ’ खाली दाखवली आहे.
पावती जोडली आहे.