खाली कोण?

पहिल्या दिवशी खिडकीची चौकट काढली
आणि भगदाडातून सोडली बूड नसलेल्या बादल्यांची माळ:
पिवळ्या, एकीचं तोंड दुसरीच्या गळ्यात,
दोन्ही अंगांना साखळ्या,
चौथ्या मजल्यापासून थेट
गोव्हनच्या ओल्या गल्लीतल्या लोखंडी पेटीपर्यंत.
पेटीवर ताडपत्री. भोवती जाळीचं कुंपण.
कुंपणाशी इश्बेल, ओठांत शिट्टी.

फर्गस म्हणाला, वरून खाली काय, सगळंच येतं.
त्याला अक्कल लागत नाही.
कसं यायचं, त्याचे आपल्याला पैसे मिळतात.

फळ्या उचकटल्या तर खाली राख.
घर बांधलं तेव्हाच दोन मजल्यांच्या मध्ये भरलेली,
वरच्यांची भांडणं खालच्यांना ऐकू जाऊ नयेत म्हणून.
शंभर वर्षांची मुकी राख.
आधी तिच्यावर पाणी शिंपडायचं,
मग फावडं, मग इश्बेलची एक शिट्टी,
मग अर्धीच टोपली. अर्धीच.
नळकांडं घोट घेतं तसं घेतं,
आणि खाली ताडपत्री एकदा फुगून बसते.

काच नळकांड्यात जात नाही.
रंगाचे डबे जात नाहीत, लांब लाकूड जात नाही,
बिडाचं न्हाणीचं टब तर नाहीच.
ते सगळं जिन्यानं. बहात्तर पायऱ्या.

पहिल्या मजल्यावर मिसेस ऑकिनक्लॉस अजून राहतात.
घर सोडा म्हटलं तेव्हा म्हणाल्या, आधी माझ्या वरचं पाडा, मग बघू.
दार किलकिलं ठेवून आमच्या खेपा मोजतात.
टब उतरवताना त्यांच्या उंबऱ्याशी टेकलो
तर चहा आला, कपावर बशी झाकलेली, धुळीसाठी.

पूर्वी खिडकीतूनच फेकायचे, त्या म्हणाल्या.
वरून ओरडायचे, ‘खाली कोण?’
आणि फेकायचे,
उत्तर ऐकायला कुणाला वेळ असतो.
माझ्या भावाचा खांदा
अजून देतो ते उत्तर, हवा दमट झाली की.

इथं हवा केव्हा दमट नसते, फर्गस म्हणाला.
तेच तर, म्हणाल्या त्या.

मी ऐकलं होतं. तरी गुरुवारी,
जेवायची सुट्टी दहा मिनिटांवर असताना,
दाराची एक उभी पट्टी सरळ नळकांड्यात घातली.
आवाज आलाच नाही.
कधी कधी न आलेला आवाज पडलेल्या विटेपेक्षा मोठा असतो.
कुठं अडकली बघायला वाकलो,
वाकता वाकता कमरेपर्यंत बाहेर,
तेवढ्यात मागून माझा पट्टा कुणीतरी मुठीत धरला.
फर्गस. काही बोलला नाही.
आत ओढलं आणि हात पुसले.

खालून तीन शिट्ट्या.
कुणीही नळकांड्याखाली डोकं घातलं नाही,
कुणी वर पाहिलं नाही.
वरच्या तोंडाला फळी ठोकली,
बाजूच्या पहाडावरून साखळीची कडी सोडवली,
चाळीस मिनिटं गेली, माझी पोळी गार झाली,
आणि तिसऱ्या बादलीतून निघाली माझी घाई,
एका टोकाला अजून बिजागरी.

इश्बेलनं ती भिंतीला टेकवली,
टेप लावून मोजली,
खडूनं लिहिलं: गिलेस्पी, पाच फूट चार.
महिनाभर ती तिथं उभी होती.
माल घेऊन येणारे ड्रायव्हर विचारायचे, हा कोण?
ती म्हणायची, आमच्यातलाच एक. जरा ताठ आहे.

शेवटच्या दिवशी बादल्या खालून वर सुटत आल्या,
एकीत एक बसल्या, चहाच्या कपांसारख्या,
टेम्पोत मावल्या.
भगदाडात नुसतं आकाश उरलं, करड्या रंगाचं,
इथं मिळतं तसलं.

काल घरी आईनं टेबलावरचं कापड
खिडकीतून झटकायला घेतलं. पावाचे चार कण.
मी तिचा हात धरला.
‘खाली कोण?’ म्हणालो,
आणि थांबलो.