फ्रेटफुल, रात्री सव्वादहा

तक्त्यात 'मनःस्थिती' या रकान्यात
माझ्या आधीच्या पाळीने लिहून ठेवलंय: फ्रेटफुल.
कालही तेच. परवाही.
एथेल स्ट्रॉन, खोली सात, वय एक्याण्णव.
चमचा बशीत वाजला की करवादतात,
उशी बदलली तर का बदलली, नाही तर का नाही,
आणि मधूनच, अगदी हळू:
धक्क्यावरचा दिवा लावला का कुणी?

दात येणाऱ्या बाळाला लावतात हा शब्द,
मग सत्तर-ऐंशी वर्षं कपाटात ठेवून देतात
आणि दात गेले की पुन्हा काढतात.
मधल्या काळात त्याच माणसाला
'जरा कामात आहेत' म्हणायची पद्धत आहे.
आमच्या मॅनेजरबाईंना अजून कुणी फ्रेटफुल म्हटलेलं नाही.

एकदा मुलाचा जाड शब्दकोश उघडला.
फ्रेट म्हणजे मुळात खाणं.
अधाशी. जनावराने खावं तसं.
तेव्हा कुठे पटलं:
एथेल आमचं डोकं खातात
कारण त्यांचं मन काहीतरी खातंय,
आणि घास एकच आहे.

इथे नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर
समुद्रावरून चढणाऱ्या धुक्यालाही फ्रेटच म्हणतात.
लख्ख उन्हाच्या दुपारी येतं, न सांगता.
आधी बेट गिळतं, मग धक्का,
मग चर्चच्या कळसावरचा कोंबडा,
शेवटी आपलाच लांब केलेला हात.
अशाच एका दुपारी एथेलच्या नवऱ्याची होडी बाहेर होती.
आली परत, त्यांची मुलगी सांगते, तासाभरात आली,
मासळीसकट. तो गेला पुढे कधीतरी, बिछान्यात, म्हातारा होऊन.
तो तास मात्र अजून परत आलेला नाही.

आज खिडकी पांढरी झालीय.
माझा डगी मोटरसायकलवर, क्रास्टरच्या रस्त्याला.
फोन लागत नाही.
मी बेव्हर्लीवर खेकसले, किटलीचं झाकण उघडं का म्हणून.
मग खोली सातमध्ये जाऊन चादर सारखी केली,
पुन्हा केली.

"बस," एथेल म्हणाल्या,
आणि पाय थोडे आत घेतले.
आजचा रकाना भरायचा राहिलाय.
दोघी काचेकडे बघत बसलो.
"दिवा?"
लावलाय, मी म्हटलं.
मला इथून दिसत नव्हता.